पाणी वनस्पतीच्या पेशीत कसं शिरतं आणि पुढे कसं जातं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीचे विद्यार्थी, प्रात्यक्षिकं घेणारे शिक्षक आणि गॅलरीत कुंड्या सांभाळणारे मुंबईकर यांच्याकडून वर्षभर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हवा तो प्रश्न थेट वाचला तरी चालेल. मात्र प्रश्न २ सगळ्यांनी वाचावा, कारण बाकीची बरीच उत्तरं त्यावर उभी आहेत. आकडे ३० अंश सेल्सिअस तापमानासाठी आणि मेगापास्कलमध्ये दिले आहेत. १ मेगापास्कल म्हणजे साधारण १० वातावरणांइतका दाब.

१. परासरण म्हणजे नेमकं काय? विसरणापेक्षा ते वेगळं कसं?

अत्तराचा वास खोलीभर पसरतो ते विसरण. तिथे मध्ये आडकाठी नसते. परासरणात मध्ये निवडक्षम पटल असतं. त्यातून पाणी सहज जातं, साखर आणि क्षार मात्र सहजी जात नाहीत. वनस्पतीच्या पेशीत हे काम पेशीद्रव्यपटल आणि रिक्तिकेभोवतीचं (पेशीतल्या रसाच्या पिशवीभोवतीचं) पटल करतात. पेशीभित्तिका करत नाही. तिच्यातून पाणी, मीठ, साखर सगळं आरपार जातं. भित्तिका आणि पटल यांची गल्लत झाली की प्रश्न ६ मधला प्रयोग कळतच नाही.

२. "पाणी कमी संहत द्रावणाकडून जास्त संहत द्रावणाकडे जातं" हे आम्ही पाठ केलंय. ते चूक आहे का?

अर्धं बरोबर आहे. उघड्या भांड्यातल्या दोन द्रावणांना ते लागू पडतं. वनस्पतीच्या पेशीला भिंत असते आणि आत दाब असतो, म्हणून तिथे दोन गोष्टींची बेरीज करावी लागते. या बेरजेला जलविभव म्हणतात, म्हणजे पाण्याची काम करण्याची क्षमता.

जलविभव = द्राव्य विभव + दाब विभव

द्राव्य विभव नेहमी ऋण असतं. साखर-क्षार जितके जास्त तितकं ते आणखी खाली जातं. दाब विभव ताठ पेशीत धन असतं. बेरीज जिथे जास्त तिथून पाणी बेरीज कमी असेल तिकडे जातं.

आता दोन शेजारी पेशी घ्या. 'अ' पेशीचं द्राव्य विभव −०.८ आणि दाब +०.५, म्हणून जलविभव −०.३. 'ब' पेशीचं द्राव्य विभव −१.२ आणि दाब +१.०, म्हणून जलविभव −०.२. 'ब' मधला रस जास्त संहत आहे, तरीही पाणी 'ब' कडून 'अ' कडे जाणार. पाठ केलेलं वाक्य वापरलंत तर उत्तर नेमकं उलटं येईल. परीक्षेतले निम्मे गुण याच एका जागी जातात, म्हणून आधी बेरीज करा आणि मगच बाण काढा.

द्राव्य विभव काढायचं सूत्र व्हान्ट हॉफ यांचं. रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल १९०१ मध्ये मिळालं ते यांनाच. ३० अंशांना ते असं होतं: −२.५२ × मोलर संहती × कणसंख्या. साखर विरघळताना फुटत नाही, तिची कणसंख्या १. मिठाचे दोन आयन होतात, पण प्रत्यक्षात १.८५ ते १.९ धरावेत.

३. जलविभव ऋण का? उणे पाणी ही काय भानगड?

शुद्ध पाण्याला, साध्या वातावरणीय दाबाखाली, शून्य मानलंय. त्यात काहीही विरघळवलं की पाण्याची काम करण्याची क्षमता घटते, म्हणून आकडा शून्याच्या खाली. समुद्रसपाटी शून्य धरून खाणीची खोली उणे लिहितात, तसाच हा संकेत.

४. पेशीत क्षार आहेत, बाहेर शुद्ध पाणी. मग पेशी पाणी घेऊन घेऊन फुटत का नाही?

पेशीभित्तिकेमुळे. पाणी आत येतं तसं पटल भित्तिकेवर दाबलं जातं आणि भित्तिका उलट रेटा देते. द्राव्य विभव −०.८ असेल आणि दाब +०.८ झाला की बेरीज शून्य. पाण्याची निव्वळ आवक तिथेच थांबते. आतले क्षार कुठेही गेलेले नसतात. ताठ पानाच्या पेशीतला दाब ०.५ मेगापास्कलच्या आसपास सहज असतो; गाडीच्या टायरमध्ये ०.२२ असतो. तांबड्या रक्तपेशीला भित्तिका नाही, म्हणून शुद्ध पाण्यात ती फुटते.

५. खमंग काकडीत मीठ आधी घातलं की पाणी सुटतं. ते परासरणच ना?

दोन वेगळी पाणी आहेत. काकडी चोचवताना सुरीखाली आलेल्या पेशी फाटतात आणि त्यांचा रस लगेच बाहेर येतो. त्याचा परासरणाशी संबंध नाही. मीठ पडलं की कापाच्या पृष्ठभागावर तीव्र मिठाचं पाणी तयार होतं आणि शाबूत पेशींमधून पाणी बाहेर ओढलं जातं, ते परासरण. म्हणून मीठ अगदी वाढण्याआधी घालायचं. कोशिंबीर घट्ट हवी असेल तर उलट करा: मीठ लावून १५-२० मिनिटं ठेवा, पिळा, मग दही घाला.

मलूल कोथिंबिरीचं गणित याच्या उलट. देठांची टोकं छाटा आणि जुडी थंड पाण्यात २०-३० मिनिटं ठेवा. पेशी जिवंत असतील तर दाब परत येतो आणि जुडी उभी राहते. काळी, बुळबुळीत झालेली पानं उठत नाहीत, कारण त्यांची पटलं फाटलेली असतात. पटल फाटलं की क्षार आत राहत नाहीत आणि दाबही धरत नाही. भाजीवाले जुडीवर पाणी शिंपडतात त्यातलं फार थोडं पानात शिरतं, कारण वर मेणाचा थर असतो. भोवतालची हवा दमट राहून आतलं पाणी उडत नाही, हा खरा फायदा.

६. ऱ्हिओच्या पानाचा रससंकोचाचा (पेशीतलं पाणी जाऊन पटल भिंतीपासून सुटण्याचा) प्रयोग नीट येत नाही. काय चुकतं?

ऱ्हिओ मुंबईत सोसायट्यांच्या बागेत आणि रस्त्याच्या दुभाजकात सर्रास सापडतो. पानाची जांभळी खालची बाजू हवी. रंग रिक्तिकेतल्या रसात असतो, म्हणून आकुंचन डोळ्यांना दिसतं.

पान जांभळी बाजू वर ठेवून तिरकं फाडा. फाटलेल्या कडेला पातळ, पारदर्शक जांभळा पापुद्रा निघतो. त्याचा ५ मिलिमीटरचा तुकडा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा, कव्हर स्लिप लावा आणि आधी साध्या पाण्यातल्या पेशी पाहून घ्या: रंग भिंतीपर्यंत भरलेला दिसला पाहिजे. मग स्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि समोरच्या कडेला टिपकागद लावून ते खाली ओढून घ्या. दोन ते पाच मिनिटांत रंग भिंतीपासून सुटू लागतो, आधी कोपऱ्यांत. त्यानंतर तसंच साधं पाणी ओढा. पेशी पुन्हा भरल्या तरच त्या जिवंत होत्या असं म्हणता येतं.

चुका बहुतेक याच असतात. पापुद्रा जाड निघतो आणि खालच्या हिरव्या पेशींमुळे काही दिसत नाही. तुकडा फाडून तसाच ठेवल्याने वाळतो. फाटलेल्या कडेच्या मेलेल्या पेशींकडे पाहून निष्कर्ष काढला जातो; तुकड्याच्या मध्यावर पाहा. सर्वांत मोठी चूक म्हणजे मीठ अतोनात असणं. ५ टक्के द्रावण (५ ग्रॅम मीठ, एकूण घनफळ १०० मिलिलिटर) म्हणजे जवळजवळ −४ मेगापास्कल. आकुंचन झटपट होतं, पण पेशी त्यात फार वेळ राहिल्या तर मरतात आणि परतीचा प्रयोग फसतो. २ टक्के द्रावण सुमारे −१.६ देतं. सावकाश होतं, पण परत येतं. आम्ही २ ते ३ टक्केच सुचवतो.

तोंडी परीक्षेतला ठरलेला प्रश्न: आकुंचन झाल्यावर भित्तिका आणि पटल यांच्यामधल्या जागेत काय असतं? बाहेरचं मिठाचं पाणी. पोकळीही नाही आणि हवाही नाही. कारण प्रश्न १ मध्ये आहे.

७. बटाट्याच्या प्रयोगात साखर किती घ्यायची आणि उत्तर कसं काढायचं?

१ मोलर द्रावणासाठी ३४.२ ग्रॅम साखर थोड्या पाण्यात विरघळवा आणि मग एकूण घनफळ १०० मिलिलिटर करा. १०० मिलिलिटर पाण्यात ३४.२ ग्रॅम टाकलीत तर घनफळ १२० च्या आसपास जातं आणि सगळे आकडे बिघडतात. यातून पातळ करत ०.१, ०.२, ०.३, ०.४, ०.५ आणि ०.६ मोलर बनवा. शिवाय एक नळी साध्या पाण्याची. घरची साखर चालते.

एकाच बटाट्यातून, साल वगळून, सारख्या जाडीचे ४-५ सेंटिमीटरचे तुकडे कापा. टिपा, वजन करा, द्रावणात एक ते दोन तास ठेवा, काढा, पुन्हा तसंच टिपा, वजन करा. वजनातला बदल टक्क्यांत काढून संहतीच्या विरुद्ध आलेख काढा. रेषा शून्याला जिथे छेदते तिथलं द्राव्य विभव म्हणजे बटाट्याचं जलविभव. छेद ०.३ मोलरवर आला तर −२.५२ × ०.३ = −०.७६ मेगापास्कल.

इथे एक बारकावा आहे आणि तो शिक्षकांच्याही नजरेतून सुटतो. वजन न बदलणारा बिंदू ऊतीचं जलविभव देतो, पेशीरसाचं द्राव्य विभव देत नाही. त्या वेळी पेशीत थोडा दाब असू शकतो. द्राव्य विभव हवं असेल तर प्रश्न ६ च्या पद्धतीने निरनिराळ्या संहती वापरा आणि निम्म्या पेशींमध्ये पटल भिंतीपासून नुकतं सुटलेलं दिसतं ती संहती शोधा. तिथे दाब शून्य असतो.

आकडे विस्कळीत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे टिपण्यातला फरक. कुणी हलकं टिपतं, कुणी पिळून काढतं. एका गटात टिपण्याचं काम एकानेच करावं. मोड आलेला बटाटा घेऊ नका. त्यातल्या पिष्टाची साखर झालेली असते.

८. पटल तर मेदाचं. त्यातून पाणी जातंच कसं?

थोडं पाणी मेदाच्या थरातून पाझरतं. वेगाने जातं ते अ‍ॅक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या नळ्यांतून. त्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एका नळीतून सेकंदाला अब्जावधी रेणू एका ओळीत जातात. या नळ्या पाण्याला ढकलत नाहीत. दिशा जलविभवच ठरवतं. नळ्या उघडणं-मिटणं फक्त वेग ठरवतं. त्या मिटल्या तर काय होतं, ते प्रश्न १२ मध्ये.

९. मुळाच्या रोमापासून जलवाहिनीपर्यंत पाणी कुठल्या वाटेने जातं?

तीन वाटा आहेत. पहिली पेशीभित्तिकांमधून आणि पेशींच्या फटींमधून, पटल न ओलांडता, ही अपोप्लास्ट. दुसरी पेशी-पेशींना जोडणाऱ्या बारीक जीवद्रव्य-तंतूंमधून, ही सिम्प्लास्ट. तिसरी दर पेशीला पटल ओलांडत. पाणी तिन्ही वाटा एकदम वापरतं.

पण अंतस्त्वचेशी (जलवाहिन्यांभोवतीच्या पेशींच्या थराशी) पहिली वाट बंद होते. तिथल्या पेशींच्या आडव्या-उभ्या भिंतींत कॅस्पेरियन पट्टी असते, तिच्यातून पाणी झिरपत नाही. इथे प्रत्येक थेंबाला एकदा तरी जिवंत पटल ओलांडावंच लागतं, आणि कुठला क्षार आत घ्यायचा ते झाड इथे ठरवतं. या पट्टीमुळेच मुळात दाब साठू शकतो.

१०. एवढ्या उंच माडाच्या शेंड्यापर्यंत पाणी चढवतं कोण? मूळ ढकलतं की पान ओढतं?

पान ओढतं. पानातल्या ओल्या भित्तिकांवरून पाणी उडालं की उरलेलं पाणी सूक्ष्म छिद्रांत मागे सरतं आणि खालच्या अखंड धारेला ताण देतं. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरतात म्हणून धार तुटत नाही. डिक्सन आणि जॉली यांनी हे १८९४ मध्ये मांडलं. २० मीटरच्या माडात नुसत्या उंचीसाठी ०.२ मेगापास्कल लागतात, वाहिन्यांतल्या घर्षणाचे वेगळे. शोषपंप १० मीटरच्या वर पाणी ओढू शकत नाही, पण ती मर्यादा हवेच्या दाबाची आहे. इथे पाणी ताणाखाली आहे, त्याला ती लागू नाही.

मूलीय दाब (मुळाने वर दिलेला रेटा) ०.१ ते ०.२ मेगापास्कलच्या आसपास असतो. तो रात्री दिसतो, दिवसा जवळजवळ नाहीसा होतो, आणि पुष्कळ झाडांत आढळतही नाही.

जगदीशचंद्र बोस यांनी जिवंत पेशींच्या स्पंदनाने रस चढतो असं १९२३ च्या ग्रंथात मांडलं होतं. वनस्पतीच्या हालचाली मोजण्याचं त्यांचं काम मोठंच आहे, पण हे स्पष्टीकरण टिकलं नाही. त्याआधीच स्ट्रासबर्गर यांनी खोडातल्या जिवंत पेशी विषाने मारल्यावरही पाणी चढतं हे दाखवलं होतं.

११. पावसाळ्यात पहाटे अळूच्या पानाच्या टोकाला थेंब लोंबतो. दव की आणखी काही? आणि हवा इतकी दमट असताना पान पाणी ओढतं तरी कसं?

टोकाला किंवा कडेवर ठरावीक जागी येणारा थेंब दव नसतो. दव पानभर पसरतं. हा बिंदुस्राव आहे: रात्री पर्णरंध्रं (पानाची बाष्प सोडणारी छिद्रं) मिटलेली, माती ओली, मूलीय दाब चढलेला, मग पाणी पानाच्या कडेच्या जलरंध्रांतून बाहेर येतं. त्यात थोडे क्षार असतात, म्हणून थेंब सुकल्यावर पांढुरका डाग राहू शकतो.

दमट हवेबद्दल: हवेचं जलविभव काढलं की शंका मिटते. सापेक्ष आर्द्रता ९९ टक्के असेल तर ते −१.४, ९० टक्क्यांना −१४.७, ७५ ला −४०, ५० ला −९७ मेगापास्कल. पान फार तर −१ ते −२ वर असतं. म्हणजे ऑगस्टमधल्या दमट दुपारीसुद्धा ओढ भरपूर आहे, वेग तेवढा कमी होतो. ऊन पडलं की पान हवेपेक्षा गरम होतं आणि वेग पुन्हा वाढतो.

१२. कुंडीत पाणी तुंबलंय, तरी तुळस मलूल. आणखी पाणी घालू का?

मुळीच नाही. ही मुंबईतल्या कुंड्यांची पावसाळ्यातली सर्वांत मोठी तक्रार आहे आणि चुकीच्या उपायाने सर्वांत जास्त झाडं इथेच जातात.

प्राणवायू हवेपेक्षा पाण्यात सुमारे १०,००० पट सावकाश सरकतो. मातीतल्या फटी पाण्याने भरल्या की मुळांतला प्राणवायू संपतो, श्वसन मंदावतं, पेशीद्रव्य आम्ल होतं आणि त्या आम्लतेने अ‍ॅक्वापोरिन मिटतात. बाहेर पाण्याचं विभव शून्य, आतलं ऋण, उतार अगदी बरोबर, पण दारं बंद. वर पानं पाणी गमावतच असतात. म्हणून झाड पाण्यात उभं राहून कोमेजतं.

काय करायचं: कुंडीखालची बशी काढा. तळाचं छिद्र काडीने मोकळं करा. कुंडी दोन विटांवर ठेवा. दोन-चार दिवस सावलीत ठेवा म्हणजे पानांची मागणी कमी होईल. खत घालू नका. पुढचं पाणी देण्याआधी लाकडी काडी ५-६ सेंटिमीटर खुपसून पाहा. ती ओली निघाली तर थांबा. मुळं तपकिरी, मऊ आणि वास मारणारी असतील तर ती कापून कोरड्या, भुसभुशीत मातीत लावावं लागेल. भाताला तुंबलेलं पाणी बाधत नाही, कारण त्याच्या देठा-मुळांत हवेच्या पोकळ्या असतात.

१३. आरओमधून वाया जाणारं पाणी, बोअरचं पाणी, एसीचं पाणी: कुंड्यांना काय चालेल?

टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅम प्रति लिटर) मोजणारा मीटर असेल तर हिशोब सोपा आहे. टीडीएसला ६४० ने भागा म्हणजे विद्युतवाहकता डेसिसीमेन्स प्रति मीटरमध्ये मिळते, तिला −०.०३६ ने गुणा. १,३०० टीडीएस म्हणजे साधारण −०.०७ मेगापास्कल. आकडा लहान दिसतो, पण कुंडीतलं पाणी उडतं आणि क्षार मागे राहतात. दर पाण्यासोबत भर पडते, माती अर्धी सुकली की संहती दुप्पट होते.

महापालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा अशा धरणांचं, पावसाचं, क्षार कमी असलेलं. त्यावर चालणाऱ्या आरओचं सांडपाणी बहुतेक झाडांना चालतं. किनाऱ्याजवळच्या बोअरचं पाणी आधी मोजा. एसीचं पाणी जवळजवळ क्षारहीन असतं, खुशाल द्या. मातीवर पांढरा थर दिसू लागला तर कुंडीच्या घनफळाच्या दुप्पट साधं पाणी सावकाश ओतून तळातून वाहू द्या.

१४. युरिया घातल्यावर पानांच्या कडा जळाल्या. खताने झाड जळतं का?

पाणी मिळेनासं होतं. १५ ग्रॅम युरिया एका लिटरमध्ये म्हणजे ०.२५ मोलर, म्हणजे −०.६३ मेगापास्कल, पाणी दिलेल्या कुंडीतल्या मुळाला एवढ्या उणे द्रावणातून पाणी घेणं जड जातं. शिवाय युरियापासून अमोनिया तयार होतो, त्याचा त्रास वेगळा. लिटरला १-२ ग्रॅमच्या वर जाऊ नका आणि कोरड्या मातीत खत कधीच घालू नका. झालंच असेल तर प्रश्न १३ मधलं धुणं लगेच करा.

१५. दादरहून आणलेला निशिगंध फुलदाणीत पाणी असूनही मान टाकतो. का?

देठ कापताच ताणाखालची धार आत ओढली जाते आणि तिच्यामागे हवा शिरते. पुढे जीवाणू उरलेल्या वाहिन्या बुजवतात. देठ पाण्याखाली धरून २-३ सेंटिमीटर तिरका कापा, पाण्याखालची पानं काढा, पाणी रोज बदला.

१६. कडवे वाल भिजवल्यावर फुगतात ते परासरण का?

सुरुवातीला नाही. ते अंतःशोषण आहे: कोरड्या बीतली पिष्ट, प्रथिनं आणि भित्तिका पाणी धरतात. कोरड्या बीचं जलविभव −१०० मेगापास्कलच्या आसपास असतं, पटल शाबूत असण्याची गरज नाही, मेलेली बीसुद्धा फुगते. म्हणून वाल फुगले याचा अर्थ ते जिवंत आहेत असा नाही. मोड यायला मात्र जिवंत पेशी आणि आतला दाब लागतो. ५ टक्के मिठाच्या पाण्यात वाल टाकून पाहा: −१०० पुढे −४ काहीच नाही, ते फुगतात, मोड येत नाहीत.

१७. लाजाळू आणि पर्णरंध्रं, दोघांची हालचाल पाण्यानेच होते ना?

हो. दोन्हीकडे पोटॅशियमचे आयन आधी हलतात आणि पाणी मागून जातं. रंध्राच्या दोन बाजूंच्या रक्षक पेशींत पोटॅशियम शिरलं की दाब वाढून रंध्र उघडतं. लाजाळूत पानाच्या तळच्या फुगीर भागातल्या खालच्या पेशी आयन आणि पाणी झटक्यात सोडतात; सावरायला १०-२० मिनिटं लागतात. अपवाद वेळेचा: निवडुंग, पानफुटी यांची रंध्रं रात्री उघडतात.

१८. ठाण्याच्या खाडीतलं तिवर खाऱ्या पाण्यात जगतं. तिथे परासरण उलटं चालतं का?

नियम तोच, आकडे खोल. समुद्राच्या पाण्याचं द्राव्य विभव −२.५ मेगापास्कल. पाणी आत यायचं तर मुळातला आकडा त्याहून खाली हवा, आणि तिवरात तो असतोच. १९६५ मध्ये शोलँडर आणि सहकाऱ्यांनी खारफुटीच्या फांद्या दाबकक्षात घालून वाहिन्यांतला ताण मोजला, तेव्हा तो समुद्राच्या पाण्याहून खाली भरला. गंमत अशी की वाहिनीतला रस जवळजवळ गोडा असतो. म्हणजे तिथली ओढ क्षारांची नसून पानांच्या ताणाची आहे. प्रश्न २ मधलं दाब विभव इथे चक्क ऋण असतं.

तिवराची मुळं बहुतेक मीठ बाहेरच अडवतात. जे आत येतं ते पानावरच्या ग्रंथी बाहेर टाकतात. ऐरोलीच्या बाजूला कोरड्या दिवसांत पानाला बोट लावून पाहिलं तर खारट कण लागतात. पानांच्या पेशींत मात्र विभव खोल ठेवायलाच हवं. सोडियम आणि क्लोराइड रिक्तिकेत कोंडले जातात आणि पेशीद्रव्यात ग्लायसिन बिटेन हा निरुपद्रवी पदार्थ साठवला जातो, नाहीतर रिक्तिकाच पेशीद्रव्यातलं पाणी ओढून घेईल. चिखलात प्राणवायू नसण्याची अडचण (प्रश्न १२) तिवर वर येणाऱ्या श्वसनमुळांनी सोडवतं. ती मुळं भरावाखाली गाडली गेली की खाडीचं पाणी तेच असूनही झाड सुकतं.